तलावातला रिले

रिलेचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याचा, आवाज दोनदा येतो. एकदा धरताना, एकदा सोडताना. धरतानाचा 'टक' ठसठशीत असतो. सोडतानाचा जरा मऊ, लक्ष नसलं तर ऐकूही येत नाही. वडशातल्या माझ्या रिपेरिंगच्या दुकानात मी इतकी वर्षं पहिलाच आवाज ऐकत आलो. टक झालं की गिऱ्हाईक खूश, मी खूश. दुसऱ्या आवाजाला मी कधी कान दिला नाही. त्याची शिक्षा मला झाली नाही, माझ्या बहिणीला झाली.

हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या फिरायला निघाल्या की माझ्या दुकानात ॲम्प्लिफायरची रांग लागते. बाकीचं वर्ष राइस मिलमधले पॅनल, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर, कुणाचा इन्व्हर्टर. आयटीआय केलं तेव्हापासून हेच. मला माझ्या हाताचा गर्व आहे आणि माझं तोंड खराब आहे. दुसऱ्याने लावलेला जोड पाहिला की मी आधी दोन शिव्या देतो आणि मग कामाला लागतो. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात. माझी बाई वडशापासून मोटारसायकलने तासभर लागणाऱ्या गावात दिलेली. आम्ही ढिवर, मासे धरणारे. बापाचं आयुष्य तलावात, गुडघ्याएवढ्या नाही तर छातीएवढ्या पाण्यात गेलं. मी कोरड्यात पळालो, बाई मात्र पाण्यापाशीच राहिली. तिच्या गावाला मोठा मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेला तलाव, आहे आणि त्याच्या पाळीच्या बांधाखाली एक लहान मातीचं टाकं, ज्याला सगळे नर्सरी म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथे मत्स्यजिरे सोडतात. अगदी जिऱ्याएवढे जीव असतात, हातावर घेतले तर दिसतही नाहीत धड. ते वाढून बोटाएवढे झाले की त्यांना बोटुकली म्हणतात, आणि मग ती मोठ्या तलावात सोडायची. ज्याच्या हातात बोटुकली, त्याच्या हातात गावाची वर्षाची मासळी.

हे काम आजवर गावातल्या पुरुषांच्या सोसायटीकडे असायचं. मासे विकायला टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायच्या बायका, जाळ्याची फाटकी भोकं विणायच्या बायका, पण बीज वाढवायचं म्हटलं की 'ते बायकांचं काम नाही'. दोन पावसाळे सोसायटीच्या आपसातल्या भांडणात नर्सरी कोरडी पडली. तेव्हा बाईने अकरा बायकांचा गट जमवला आणि ग्रामसभेत उभी राहून ती मागितली. मिळाली, पण 'एक हंगाम करून दाखवा' या बोलीवर. बाईला अध्यक्ष केलं आणि मोटारीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला आली. ती किल्ली दाखवायला ती बसने वडशाला माझ्या दुकानात आली होती. पन्नाशीची बाई, पण किल्ली अशी वाजवून दाखवत होती की मला हसू आलं आणि भरूनही आलं.

त्या श्रावणात पावसाने दडी मारली. टाकं लहान, उन्हाने पाणी तापतं, तापलं की बीज वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतं. म्हणून रोज मोठ्या तलावातून थोडं थंड पाणी आत घ्यायचं. पाण्यात बुडवायची एक लहान मोटर होती, पण लाईन यायची सकाळी आणि जायची अकराच्या सुमाराला. नेमक्या त्याच वेळी सगळ्या बायका रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायच्या. मोटर बंद करायला एकीने रोज मजुरी बुडवून बसायचं. बाई मला म्हणाली, "तू वडशात लोकायचे पॅनल बनवतं, आमच्यासाठी एक डबा बनव ना बाबू. पानी भरलं का आपोआप बंद पडन असा."

"हे काय काम हाये?" मी म्हणालो. "आठ दिवसांत घे."

डबा मी बनवला. पाण्यात तरंगता गोळा, त्याची खबर बोर्डाला. बोर्डाचं डोकं पाच व्होल्टवर चालतं, त्याचा आवाज फार बारीक. रिले बारा व्होल्टचा, तो इतक्या बारीक आवाजाला ओ देत नाही. म्हणून दोघांच्या मधे एक सोळा पायांची ड्रायव्हर आयसी बसवतात. पाटलाने कोतवालाच्या कानात सांगावं आणि कोतवालाने गावभर ओरडून सांगावं, तसं तिचं काम. डोक्याने हुकूम दिला की आयसी रिलेला ओढते, रिले मोटारीला. हुकूम थांबला की आयसीने हात सोडायचा, रिलेने मोटारीला सोडायचं. डब्याला मी एक मोठा हिरवा दिवा जोडला, मोटारीच्या खोलीबाहेर टांगायचा, बाईच्या अंगणातून आणि रस्त्यावरूनही दिसेल असा. दिवा मी डोक्याच्या बाजूला जोडला, कारण तिथून तार न्यायला सोपं होतं. दुकानात बटण दाबलं, टक झालं, दिवा लागला. बटण सोडलं, दिवा विझला. पास. बाहेर राइस मिलच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता, चहावाला आला होता. दुसरा टक झाला की नाही ते मी ऐकलं नाही. दिवा विझला म्हणजे रिले सुटला, असं मी धरून चाललो.

डबा बसवायला गेलो त्या दिवशी अकराही जणी जमल्या होत्या. मी मोटर लावून दाखवली, दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र पुढे झाली आणि पाइपावर तळहात ठेवून उभी राहिली. पाइपाचं तोंड टाक्याच्या पाण्यात बुडलेलं, त्याला बारीक जाळीची पिशवी बांधलेली, म्हणजे जंगली मासा आत येत नाही. त्यामुळे पाणी पडल्याचा आवाज नाही आणि मोटारही तलावाच्या तळाशी, तिचाही आवाज नाही. मोटर चालू आहे की नाही हे बाई हातानेच ओळखायची. पाणी चालू असलं की पाइप गार लागतो आणि हलका थरथरतो.

मी म्हणालो, "बाई, तू का डॉक्टर हायेस? पाइपाची नाडी पाहून राह्यली? दिवा लावला ना तुले एवढा मोठा. दिवा पाह्य अन् रोवणीले जाय."

बायका खळखळून हसल्या. बाईही हसली. हात काढून तिने पदराला पुसला आणि त्यानंतर पाइपाला हात लावणं बंद केलं. हे मला तिच्याच एका सोबतिणीने नंतर सांगितलं, की 'भाऊनं हसलं म्हणून ती लावत नवती'.

वीस-बावीस दिवस डबा छान चालला. निदान सगळ्यांना तसं वाटलं. खरं तर तो पहिल्या दिवसापासून बिघडलेला होता. पाणी खुणेला लागायचं, दिवा विझायचा, पण रिले काही सुटायचा नाही. मोटर तशीच चालू राहायची, तास-दीड तास जादा पाणी यायचं आणि त्यासाठी काठाला वर ठेवलेल्या पाइपातून नाल्यात निघून जायचं. अकराला लाईन गेली की रिले बिचारा सुटायचा. दुसऱ्या दिवशी लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडच्या लाईनला उठता-बसता शिव्या देणारा मी, पण माझी चूक रोज झाकत होती ती लाईनच.

मग एक दिवस लाईन गेलीच नाही. तालुक्याच्या गावी कुठलासा मोठा कार्यक्रम होता, बाहेरून पाहुणे यायचे होते, त्यामुळे दिवसभर अख्ख्या भागाची लाईन चालू ठेवली होती. बाईलाही त्याच दिवशी गटाच्या एका कागदावर शिक्का घ्यायला तालुक्याला जायचं होतं. दहाच्या बसला निघताना तिने रस्त्यावरून वळून पाहिलं. दिवा विझलेला होता. ती बसमध्ये चढली.

चारच्या सुमाराला बायका रोवणीवरून परत आल्या तेव्हा टाक्याचा नाल्याकडचा कोपरा बसला होता. माती भिजून भिजून खचली होती आणि पाणी बोटुकलीसकट नाल्यात गेलं होतं. नाला पुढे नदीला. बाईचा फोन आला. ती रडत नव्हती. "बाबू, टाकं खाली झालं. तू ये," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो. टाक्याच्या तळाशी चिखल, त्यात जागोजाग चमकणारी मेलेली बोटुकली, आणि बगळे. किती होती? चिखलात होती ती आठ-दहा ओंजळींची. बाकीची गेलेली. अकरा जणी एका बाजूला उभ्या होत्या. सोसायटीचे चार-पाच पुरुष पाळीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसले होते. त्यांना बोलायची गरजच नव्हती.

मी मोटर लावली. गोळा हाताने वर उचलला, म्हणजे बोर्डाला वाटावं पाणी भरलं. दिवा विझला. "पाह्य, बंद झाली," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलेलाच होता. बाईने जाऊन पाइपावर हात ठेवला.

"चालू हाये," ती म्हणाली.

मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगून खोलीत शिरलो आणि डबा उघडला. पहिला संशय रिलेवर. रिलेच्या आतले दोन ठोकळे कधीकधी ठिणगीने एकमेकांना चिकटतात, मग रिले सुटत नाही. तो माल बनवणाऱ्याचा दोष, बनवणाऱ्याला शिव्या देऊन नवीन बसवायचा. मी मनातल्या मनात शिव्या तयारही ठेवल्या होत्या. मेन स्विच बंद केला तर टक. सुटला. चिकटलेला रिले असा सुटत नाही. वरचं झाकण काढलं, ठोकळे स्वच्छ, नखाने हलवले तर हलत होते. पुन्हा लाईन दिली, रिले जागचा हलला नाही. गोळा खाली सोडला तर टक, धरला. गोळा वर उचलला, दिवा विझला आणि रिले धरूनच.

मीटर लावला. आयसीच्या ज्या पायावर हुकूम येतो तिथे शून्य. म्हणजे डोकं बरोबर, हुकूम थांबलेला. पण रिलेच्या गुंडाळीवर सहा व्होल्टच्या थोडं वर काटा. बारा नाही, शून्य नाही, सहा. हे सहा व्होल्ट येतात कुठून ते मला कळेना. राइस मिलमध्ये पोतं पाठीवर घ्यायला हमालाला किती जोर लागतो आणि एकदा पाठीवर बसलं की ते धरून ठेवायला किती कमी लागतो ते मी रोज पाहतो. रिलेचंही तसंच. सहा व्होल्टने तो उचलला जात नाही, पण उचललेला असला तर सहा व्होल्टवर तो दिवसभर धरून राहतो. हे सहा व्होल्ट कुठल्या तरी चोरवाटेने येत होते.

वाट सापडली नवव्या पायावर.

या आयसीच्या आठव्या पायाला जमीन, म्हणजे ग्राउंडची तार, जोडतात. नवव्या पायाचं काम वेगळं. रिले सुटताना गुंडाळीतून एक झटका उलटा येतो, त्याला सुखाने परत जायला वाट करून देणारा तो पाय. त्याची तार रिलेच्या बारा व्होल्टला न्यायची असते. मी ती पाच व्होल्टला जोडली होती. ॲम्प्लिफायरमधल्या ज्या आयसी मी आजवर हाताळल्या, त्यांना चालायला विजेचा एक पाय लागतोच. मी मानून चाललो की हीही जेवल्याशिवाय काम करणार नाही. आठवा जमीन म्हणजे नववा हिच्या जेवणाचा, आणि डोक्याचं जेवण पाच व्होल्ट म्हणजे हिचंही पाच. या आयसीला जेवण लागतच नाही. ती फक्त हुकमावर चालते. आयसीची डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, फोनमध्ये होती, चित्र पाहून मी खाली वाचलंच नव्हतं. बारा व्होल्ट रिलेतून शिरून नवव्या पायाने पाचाकडे पळत होते आणि जाता जाता रिलेला धरून ठेवत होते. माझ्याच हाताने लावलेला जोड होता, चांगला चकाकणारा.

तार काढून दुसरीकडे लावायला दहा मिनिटं लागली. गोळा उचलला. टक. या वेळी मी तो मऊ आवाज ऐकला. तोच बोर्ड, तीच आयसी, तोच रिले. मी झाकण लावलं आणि त्याचे स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळत राहिलो. बाहेर बाई उभी आहे आणि मला जाऊन एकच वाक्य बोलायचं आहे, हे मला माहीत होतं.

दुपारी समाजमंदिरात बैठक बसली. पुरुषही येऊन भिंतीला टेकले. बायकांमधली सगळ्यांत वयस्कर म्हातारी, जिच्या शब्दावर बाकीच्या गटात आल्या होत्या, तिने मला विचारलं, "भाऊ, काय झाल्तं मोटरीले?"

भिंतीजवळच्या एकाने हळूच दुसऱ्याला काही सांगितलं आणि दोघं हसले. ते कशाला हसले मला माहीत नाही. पण माझं डोकं फिरलं. या लोकांसमोर, ज्यांच्या शेतातल्या मोटारी उद्या माझ्याकडेच येणार, मी कसं म्हणू की मी आयसीचा पाय चुकवला?

"रिले खराब निघाला," मी म्हणालो. "चिकटला होता. मालच फालतू. बदलला आता."

मला वाटलं होतं यात कुणाचाच दोष नाही, बाई सुटली, मीही सुटलो. म्हातारीने मान डोलावली आणि म्हणाली, "दाखव बरं तो रिले. आमालेबी पाहू दे, कोनं नुकसान केलं आमचं."

माझ्या खिशात रिले नव्हता. असणार कुठून? तो डब्यात टकटकत होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. तोंडाला आलं ते मी बोलून गेलो.

"फेकला. तलावात."

मला क्षणभर कळलंच नाही की मी काय बोललो. मग बाईकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती.

तलावात कुणी काही फेकत नाही, निदान ढिवराच्या घरातला तर नाहीच. पाण्यात टाकलेलं लोखंड जाळं फाडतं, पाय कापतं. आमचा बाप काठावर खिळा दिसला तरी उचलून धोतराच्या सोग्याला बांधून घरी आणायचा. लहानपणी मी एकदा पत्र्याचा डबा पाण्यात भिरकावला होता, त्याने मला पाण्यात उतरवून तो शोधायला लावला होता, संध्याकाळपर्यंत. आणि मी, त्याचा मुलगा, अकरा ढिवर बायकांसमोर म्हणत होतो की मी लोखंड तलावात फेकलं.

"ढिवराचा पोरगा हायेस ना रे भाऊ?" म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "तू फेकनार नाई. तू खोटं बोलून राह्यला. काऊन बोलून राह्यला?"

मग एकेकीचं तोंड उघडलं. मागच्या आठवड्यात बाहेरगावचा एक बेपारी प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बोटुकली विचारायला आला होता, त्याच्याशी कोण बोललं? बाई. बाईने त्याला नाही म्हणून परत पाठवलं होतं, पण ते तिच्या एकटीसमोर घडलं होतं. काल तालुक्याला कोण गेलं? बाई. चिखलात मासे आठ-दहा ओंजळीच का? एक जण म्हणाली, "बाई म्हनते दिवा विझलेला होता. भाऊ म्हनते मोटर चालू होती. दोनी कसं खरं असन? पान्यानं गेली का पिशवीनं गेली?"

आता मी उठलो. सगळं सांगितलं. रिले चांगला आहे, डब्यातच आहे, चला दाखवतो. तार मी चुकीची लावली होती. दिवा हुकमाच्या बाजूला होता, म्हणून विझला आणि मोटर तरी चालूच राहिली. चूक माझी, बाईची नाही. मी नववा पाय, पाच व्होल्ट, बारा व्होल्ट सगळं बोललो, हात हलवून हलवून बोललो. बायका ऐकत होत्या, पण त्यांच्या तोंडावर काही उमटत नव्हतं. आधी रिले खराब होता, मग तलावात होता, आता चांगला आहे आणि डब्यात आहे.

भिंतीजवळचा एक जण खर्रा थुंकून आला आणि म्हणाला, "जाऊ द्या ना वं. राखी अजून हातावर हाये त्याच्या. बहिणीसाठी भाऊ एवढं तं बोलनच."

मी मनगटाकडे पाहिलं. खरंच होती. पौर्णिमेला बाईने बांधलेली, लाल दोऱ्याची, तारा लावताना थोडी काळी पडलेली.

बाईने कमरेची किल्ली सोडली आणि सतरंजीवर म्हातारीच्या पुढ्यात ठेवली. वाद घातला नाही, शपथ घेतली नाही. "गट सोडू नका," एवढंच म्हणाली. "मले ठेवा का नका ठेवू."

घरी तिने मला जेवायला वाढलं. भात आणि आंबाडीची भाजी. ती माझ्यासमोर बसली.

"पयलेच काऊन नाई सांगतलं रे?"

"लाज वाटली, बाई."

"तुले घडीभर लाज वाटली असती रे बाबू..." ती म्हणाली. आणखी भात वाढला. मला ओरडली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून जेवलो, कारण पानात टाकलं तर तिला वाईट वाटेल हे मला माहीत होतं. ही अक्कल मला दुपारी कुठे गेली होती कोण जाणे.

त्याच आठवड्यात मी शेतांवर बसवलेले माझे तसलेच दोन डबे उघडले आणि नववा पाय सरळ केला. शेतकऱ्यांना 'सर्व्हिसिंगला आलो' म्हणून सांगितलं. तेव्हाही खरं बोललो नाही. आता मात्र माझ्या प्रत्येक डब्यावर दिवा मोटारीच्या बाजूला असतो, म्हणजे हुकूम काय गेला ते नाही, झालं काय ते दिसतं. नवीन डबा असला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो, चहावाल्याला थांबवतो आणि दोन्ही आवाज ऐकतो.

गट मोडला नाही. म्हातारीने ग्रामसभेत भांडून आणखी एक हंगाम मागून घेतला आणि नर्सरी पुन्हा भरली. अध्यक्ष दुसरीच आहे. बाई त्यांच्यात आहे, रोवणीला जाते, टाकं साफ करते, पण बोटुकली मोजायच्या दिवशी तिच्या शेजारी कुणीतरी बसतं. कुणी काही बोलत नाही, फक्त बसतं. डबा तोच आहे आणि आता बरोबर चालतो. रोज दिवा विझला की बाई जाऊन पाइपाला हात लावते. आता कुणी हसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मोठ्या तलावावर जाळं ओढायला गट उतरला होता. मी डब्याची तार उंदराने कुरतडली म्हणून गेलो होतो आणि काम झाल्यावर पाळीवर बसलो होतो. टाक्यात थोडं पाणी घ्यायचं होतं म्हणून मोटर चालू होती. मधेच जाळं अडकलं. ओढलं तर येईना.

म्हातारी काठावरून ओरडली, "थांबा वं, ओढू नका. भाऊचा रिले असन!"

सगळ्या हसल्या. मला नंतर कळलं की हे दर खेपेला होतं. जाळं अडकलं की कुणीतरी रिलेचं नाव घेतं. त्यांच्या मनात राग असा उरलेला नाही, पण गोष्ट गेलेली नाही. बाई छातीएवढ्या पाण्यात होती. ती वाकली, खांद्यापर्यंत हात खाली घालून जाळ्याच्या दोराने चाचपत गेली, काहीतरी सोडवलं आणि वर आली. हातात पळसाची कुजकी मुळी होती.

"सापडला का वं?" म्हातारीने विचारलं.

माझ्यामागे खोलीतल्या डब्यात तेवढ्यात रिले सुटला, मऊ आवाज झाला. पाण्यातून बाईला तो ऐकू गेला की नाही मला माहीत नाही. पण तो रिले कुठे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने मुळी काठावर टाकली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाई वं. अजून खाली असन."